वायरलेसवरचे 'हालू नगा'

पोलिसाने आठवणी सांगायच्या म्हटल्या की लोकांना खून आणि दरोडे हवे असतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आधी येते ती एक केस, जिच्यात शेवटी आरोपी कोणीच निघाला नाही. बेळगावजवळच्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. माणसांची नावे लिहीत नाही. गाव उचगावच्या बाजूचे होते, एवढे पुरे.

आमच्या हद्दीतल्या एका लग्नघरात चोरी झाली होती. नवरीसाठी केलेले दागिने कपाटातून गेले होते आणि कुलूप शाबूत होते. लग्न तोंडावर आलेले, त्यामुळे घरचे रोज ठाण्यात येऊन बसत. अशात एका खबऱ्याने सांगितले की माल दुधाच्या गाडीतून चंदगडच्या बाजूला जाणार आहे. खबर पूर्ण खोटी असेल तर लवकर कळते. अर्धी खरी वाटणारी खबर माणसाला जास्त फिरवते, हे मला माहीत होते. तरी आम्ही त्या रस्त्याने जाणाऱ्या दुधाच्या गाड्यांवर नजर ठेवली.

दोनच दिवसांत आमचा वायरलेस ऑपरेटर माझ्यापुढे उभा राहिला. तो रायचूरकडचा, मराठी त्याला जेमतेम कळे. कामाला चोख होता. तो कन्नडमध्ये म्हणाला, "सर, आपल्या चॅनेलवर एक बाई बोलते आहे. दुपारी जेवणाच्या सुमाराला. पलीकडचा माणूस एक शब्द बोलत नाही, नुसते बटण दाबतो. कधी एकदा, कधी दोनदा. मी कन्नडमध्ये विचारले, हिंदीत विचारले, कोण आहे म्हणून. मी बोललो की ती गप्प होते. सर, हा कोड आहे."

"बोलते काय?"

"बाकी कळत नाही. पण दोन शब्द रोज असतात. हालु आणि नग."

कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध आणि नग म्हणजे दागिना. दुधाची गाडी आणि चोरीचे दागिने, दोन्ही एका वाक्यात. मी ताबडतोब गाडीवाल्याला आणायला माणूस पाठवला.

गाडीवाला त्याच पट्ट्यातला मराठी माणूस, चाळिशीचा. त्याला समोर बसवून मी विचारले, "गाडीत दुधाशिवाय काय असते?"

"पाणी असतंय, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "पर ते मी घालत न्हाय. घालूनच देत्यात."

"आणि दागिने?"

"बायकोचं गंठण सोसायटीत गहाण पडून हाय. आणखी कुठलं दागिनं?"

उलटसुलट विचारून झाले. गाडी कुठे थांबते, कोण चढते, कोण उतरते. त्याची उत्तरे बदलत नव्हती. खोटे बोलणारा माणूस बहुधा न विचारलेलेही सांगतो. हा विचारले तेवढेच सांगत होता आणि मधूनमधून घड्याळाकडे बघत होता, कारण दूध नासायला लागले असते.

तेवढ्यात टेबलावर ठेवलेला हातात धरायचा वायरलेस संच खरखरला आणि एका बाईचा आवाज आला.

"आवं, बांधावरच ऱ्हावा. हालू नगा. हाललासा की नुसतं खर्र खर्र हुतंय. भाकरी खाल्लासा?"

थोडा वेळ काही नाही. मग बटण दाबल्याचा आवाज, एकदाच.

ऑपरेटर दारातून आत आला. "सर, ऐकलंत? हालु, नग."

मी मूळचा निपाणीकडचा. माझी आई आयुष्यभर 'हलू नका'ला 'हालू नगा'च म्हणत आली. मी गाडीवाल्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यापायी मला आणलासा व्हय?"

मी ऑपरेटरला अर्थ सांगितला. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. गाडीवाल्याला चहा मागवला, तर तो म्हणाला, "दूध बघून घाला म्हणावं त्यात." मी त्याला सोडले आणि त्याच्या दुधाला उशीर का झाला ते दूध सोसायटीत फोन करून कळवले. त्या चोरीचे पुढे एवढेच झाले की दागिने नात्यातल्याच एका माणसाकडे मिळाले आणि ते दुधाच्या गाडीत कधी चढलेच नव्हते.

पण पोलिसांच्या चॅनेलवर अनोळखी आवाज येणे हा स्वतंत्र गुन्हा होता. एखादा अपघात, एखादी मारामारी कळवायची असताना कोणी मध्ये बोलत बसले तर मदत उशिरा पोचते. शोध घेणे भाग होते. साधी युक्ती असते. संचाची अँटेना काढून तो छातीशी धरायचा आणि जागच्या जागी सावकाश वळायचे. आवाज येतो त्या दिशेला आपली पाठ झाली की अंगाच्या आडोशाने तो दबतो. मग पाठ होती त्या दिशेला जायचे, पुन्हा वळून बघायचे. पुढच्या दुपारी मी आणि ऑपरेटर जीपमधून असे वळत वळत निघालो. रस्त्याकडेच्या बायका आमच्याकडे बघून हसत होत्या.

माग एका नव्या दोन खोल्यांच्या घरापाशी थांबला. गच्चीवर साठीची एक बाई एका हाताने पदर सावरत, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी धरून उभी होती. खाकी पाहताच तिचा चेहरा उतरला.

"माझ्या लेकीला काय झालं काय?"

"काही झालेलं नाही, आक्का. तुमच्या हातातल्या यंत्राबद्दल विचारायला आलोय."

तिने एकदम श्वास सोडला आणि आधी आम्हाला पाणी दिले. मग सांगितले. तिच्या नवऱ्याच्या गळ्याचे ऑपरेशन झाले होते. जीव वाचला, आवाज गेला. घरी बसून राहणे त्यांना जमेना. ओढ्याकाठी रताळ्याचे रान होते, तिथे ते दिवसभर जात. तिथे मोबाईलला रेंज नाही. त्यांना लिहिता येत नाही, हिला वाचता येत नाही. मुलगी बेळगावात दवाखान्यात नर्स. तिने जुन्या सामानाच्या दुकानातून ही जोडी आणून दिली होती. आधीच्या मालकाने त्यात भरलेले चॅनेल दुकानदाराने तसेच ठेवले होते, आणि ते आमचे होते.

"एकदा दाबलं की व्हय, दोनदा दाबलं की न्हाय," ती म्हणाली. "लेकीनंच ठरवून दिलंय."

"यावर दुसरं कोणी बोलताना ऐकू येत नव्हतं का?"

"येतंय की. कोण तरी कानडीत सारखं ओव्हर ओव्हर करत्यात. आम्ही म्हणलं, कारखान्याचं ऊसगाडीवालं असतील. ते बोलाय लागलं की मी थांबत्ये. दोघांच्या बोलण्यात आपण कशाला तोंड घालायचं?"

ऑपरेटरला मी याचे कन्नड करून सांगितले. त्याच्या हाकेला ती गप्प का होई, ते त्याला तेव्हा कळले. त्याने मान खाली घालून हसू दाबले.

मी तिला समजावले की हे पोलिसांचे चॅनेल आहे, एवढ्या ताकदीचा संच परवान्याशिवाय वापरता येत नाही आणि दोन्ही संच मला जप्त करावे लागतील. ती भांडली नाही. संच पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"न्या," ती म्हणाली. "ऑपरेशनानंतर लई दिस ते भिंतीकडं तोंड करून पडायचं. ह्याच्यावर दाबाय लागल्यापासनं माणसात आलं. आता परत मुकं हुतील, एवढंच."

मी शेतात गेलो. ते गृहस्थ बांधावर, एका ठरावीक दगडाशेजारी बसले होते. तिथूनच आवाज नीट जाई. मी सगळे सांगितले. त्यांनी शर्टाच्या खिशातून संच काढला, माझ्या हातात ठेवला, आणि अंगठ्याने त्याचे बटण दोनदा दाबले. पलीकडे ऐकायला कोणी नव्हते.

पंचनामा रीतसर केला. मुलीचा जबाब घेतला. ती ठाण्यात रडली नाही, पण तिने एकच विचारले, "साहेब, गुन्हा माझ्या नावावर घाला. आईअप्पांना नको. चालेल?" मी वरिष्ठांना अहवाल दिला. त्यात हेतू काय होता ते स्पष्ट लिहिले, दोन भाषांच्या घोटाळ्यासकट. वरिष्ठ वाचून हसले, मग त्यांनी शेवटचे पान पुन्हा वाचले. लेखी समज देऊन प्रकरण मिटवावे, दुकानदाराला तंबी द्यावी, असा आदेश झाला. जप्त संच मात्र परत देता येणार नव्हते.

परवाना न लागणारे, कमी ताकदीचे संच बाजारात मिळतात. मुलीला मी तसे सांगितले. तिने पगार झाल्यावर जोडी घेतली. तोवर आक्का रोज भाकरी घेऊन रानात जात होती आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसत होती. गुडघे दुखत असूनही.

सुट्टीच्या दिवशी मी संच लावून द्यायला गेलो. ऑपरेटर आपण होऊन बरोबर आला. त्याने दोन्ही संच पूर्ण चार्ज करून आणले, दोन्हींवर एकच चॅनेल लावले आणि बाकीची बटणे कुलूपबंद केली, म्हणजे खिशात दाबली जाऊन बिघाड नको. आक्काला त्याने अडखळत्या मराठीत शिकवले. अँटेना उभी ठेवा. तोंडापासून वीतभर लांब धरा. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. बोलणे झाले की लगेच सोडा. आक्का म्हणाली, "हे मला येतंय रं बाबा. तुला मराठी कवा येणार ते सांग."

नव्या संचाची ताकद कमी. अप्पा दुसरा संच घेऊन बांधावर गेले, पण अंगणातून काहीच जाईना. ओसरीतून नाही, गच्चीच्या कठड्यापासूनही नाही. पलीकडून नुसती शांतता. आक्का संच कानाला लावून उभी होती. शेवटी ऑपरेटरने तिला पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर चढायला सांगितले. मी हात धरून तिला वर घेतले आणि संच हातात घेऊन स्वतःच विचारले, "अप्पा, माझा आवाज नीट येतो आहे की तुटतो आहे? आणि तुम्ही बांधावरच आहात की खाली गेलात?"

एकदा दाबल्याचा आवाज आला. मग दोनदा. मग पुन्हा एकदा.

"काय म्हणतायत?" मी विचारले.

आक्काने संच माझ्या हातातून काढून घेतला. "साहेब, त्यांच्याकडं दोनच शब्द हाईत. एका टायमाला एकच इचारा की. असं इचारल्यावर बोलणारा माणूस पण गोंधळंल."

मग ती संचात म्हणाली, "मी हाय. ऐकू येतंय?"

एकदा.

त्यानंतर नोकरीची जी काही वर्षे उरली, त्यात मी जबाब घ्यायची पद्धत बदलली. घाबरलेली माणसे समोर येतात, आणि आपण त्यांच्यावर चार प्रश्नांची मोळी टाकतो. मग ती अडखळली की आपण लिहून ठेवतो, उत्तर टाळले. मी एक प्रश्न विचारायला लागलो, समोरच्याला उत्तर देता येईल असा, आणि उत्तर येईपर्यंत थांबायला लागलो. पुष्कळ लोकांनी त्यानंतर मला खरे सांगितले. पुष्कळांकडे द्यायला दोनच शब्द होते, पण ते त्यांचे होते.

त्या दिवशी आम्ही जिना उतरत असताना आक्का चौथऱ्यावरच उभी होती. खाली जीपपाशी पोचलो तरी तिचे बोलणे ऐकू येत होते. रताळी निघाली का, लेक रविवारी येणार, वांग्याला पाणी पाजलं का. दर प्रश्नानंतर ती गप्प राहत होती, आणि ऑपरेटर गाडीचे दार उघडे धरून ऐकत उभा होता.