आजीची कपबशी

"राहू दे, राहू दे," म्हणत बाईंनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. गॅस पेटलेला. पाण्याला उकळी फुटायच्या बेतात. "आज खालून मागवू." मी ओट्याशी तशीच उभी. त्या शनिवारी चहाची पाळी माझी होती.

क्रांती चौकाजवळ बाईंच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघी मुली पोर्तुगीज शिकायचो. मधल्या सुट्टीतला चहा आम्हीच पाळीपाळीनं करायचा, ही बाईंची पद्धत. "घरच्यासारखं वागा गं," म्हणायच्या. शहरात ही भाषा शिकवणारं दुसरं कुणी मला ठाऊक नव्हतं. ब्राझीलला माल पाठवणाऱ्या एका कारखान्यात दुभाष्याची जागा निघाली होती, आणि तिथं बाईंचा शब्द चालायचा. त्यांची शिफारस असली तरच नोकरी. म्हणून पडेगावहून रिक्षा बदलत मी यायचे.

आदल्या शनिवारी भूतकाळ चालला होता. पोर्तुगीजमध्ये एक भूतकाळ घडून संपलेल्याचा. आजी चहा प्यायली, 'बेबेउ'. दुसरा रोज घडत राहिलेल्याचा. आजी चहा प्यायची, 'बेबिया'. बाकीच्या इंग्रजीतून विचार करत अडखळत होत्या. मला ते माझ्या मराठीतच आयतं मिळालेलं. बाई म्हणाल्या, आपापल्या आजीविषयी बोला. कुणाची आजी पुरणपोळ्या करायची, कुणाची पोथी वाचायची. मी सांगितलं, माझी आजी गंगापूरजवळ पाटलाच्या शेतात राबायची. चहा गोठ्यापाशी बसून प्यायची. तिची कपबशी वेगळी, गोठ्याच्या कोनाड्यात असायची. प्यायल्यावर ती स्वतःच धुऊन परत तिथं ठेवायची.

"अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या. एवढं कौतुक माझं तिथं कधी झालं नव्हतं. मी हरखले. वेडी. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळं तोवर माझी जात कुणाला कळली नव्हती. ती मीच सांगून बसले, एकही क्रियापद न चुकवता.

पुढं पाळ्या सुरू राहिल्या. माझी सोडून. तिघींना कपबशी, मला टपरीवरचा कागदी कप. "तुला कडक लागतो ना, म्हणून मुद्दाम मागवते हो," बाई म्हणायच्या. गोड आवाजात. आता या गोडव्याशी भांडायचं कसं? तिघी खाली बघायच्या.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "लई बोलू नको बाई. नोकरी हातात येऊ दे, मंग बघू." आई चुकीचं बोलत नव्हती. दार एकच होतं आणि त्याची कडी बाईंच्या हातात होती. मी तो चहा पीत राहिले. घोटाघोटाला स्वतःचीच चीड यायची.

मग कारखान्यातल्या मुलाखतीची तयारी सुरू झाली. बाई म्हणाल्या, "आजीचं सांग. पण ते कपाचं संपलेल्या भूतकाळात घे. नाहीतर बाहेरच्या लोकांना वाटेल, अजून चालतं की काय आपल्याकडं. कुठं राहिलंय आता तसलं?"

माझ्यासमोर टेबलावर कागदी कप. चहावर साय धरलेली.

डोक्यात सणक गेली. मी उठले. स्वयंपाकघरात गेले. मांडणीवरची बाईंची फुलाफुलांची कपबशी घेतली, पाळी असलेल्या मुलीनं केलेला चहा तिच्यात ओतला आणि बाहेर येऊन बाईंसमोर बसून प्यायले. सावकाश.

"हे काय चाललंय?"

"चहा पितेय. घरच्यासारखा."

"मला शिफारशीचा विचार करावा लागेल."

"करा."

आजी आपली कपबशी धुऊन ठेवायची. मी धुतली नाही. उष्टी तशीच बाईंच्या पुढ्यात ठेवली. मग आजीचं सगळं पोर्तुगीजमध्ये सांगितलं, रोज घडत राहिलेल्याच भूतकाळात. शेवटी कागदी कप पुढं सरकवला आणि त्याचं वर्तमानकाळात सांगितलं.

शिफारस मिळाली नाही. जागा त्या तिघींतल्या एकीला गेली. आईनं कितीतरी दिवस अबोला धरला. मी अजून पडेगावातच आहे. एकटीच ती भाषा घोकते. तिची परीक्षा बाहेरगावी जाऊन देईन, वेळ लागला तर लागू दे.

पण आमचं हे वेगळ्या कपाचं संपलं की नाही, हे बाई ठरवणार नाहीत. संपेल त्या दिवशी मी सांगेन. तोवर कुणाच्या दारात मी माझा कप विसळणार नाही.