माहुलीच्या वाटेवरचा रविवार

लढाई संपली आणि त्यानंतरच्या फाल्गुनात हे रजेवर आले. आमचं लग्न आदल्या वैशाखातलं. पूजा-गोंधळ आटोपतात तोच यांना पलटणीत परत जावं लागलं होतं, त्यामुळे मला माहीत असलेला नवरा बहुतेक पत्रांतलाच. पत्रांत हे मोकळे होते, थट्टाही करायचे. घरी आलेला माणूस मात्र वेगळा होता. बोलावं तर कधी उत्तर येई, कधी येत नसे. कधी माझ्याकडे पाहून नुसतंच हसत, आणि ते हसू माझ्या बोलण्याला धरून नसे.

यांचं घर कडेगावजवळच्या एका खेड्यात. मी साताऱ्यात वाढलेली, मॅट्रिक झालेली. शेणाचा वास, विहिरीचं पाणी, पहाटेचं जातं, सगळ्याची सवय करून घेतली होती. पण या गप्प राहण्याची सवय कशी करायची ते कळत नव्हतं. सासूबाईंच्याही ते ध्यानात आलं असावं. एका शुक्रवारी भाकरी थापता थापता त्या यांना म्हणाल्या, "पोरीला घिऊन साताऱ्याला जा दोन दिस. तिच्या मावशीकडं ऱ्हावा. घरात बसून दोगं बी आंबून गेलायसा."

दुसऱ्या कुणी नवऱ्याबरोबर दोन दिवस हिंडायला मिळणार म्हणून उडी मारली असती. मला मात्र साताऱ्याचं नाव नको होतं.

त्याचं कारण असं. लहानपणी मला आकडी यायची. फार नाही, दोन-तीनदाच आली असेल. शेवटची आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. पुढे मोठी झाल्यावर साताऱ्यातच माझं एक लग्न ठरलं होतं. सुपारी फुटल्यानंतर मुलाकडच्यांना कुणीतरी आकडीचं सांगितलं, आणि त्यांनी एका संध्याकाळी येऊन लग्न मोडलं. नंतर वडिलांनी मुद्दाम लांबचं, खेड्यातलं, फौजेतलं स्थळ पाहिलं. त्यांना काही सांगितलं नाही. मला गप्प राहायला बजावलं होतं, आणि मी राहिले होते. पुढे वडिलांची बदली झाली. साताऱ्यात आता मावशी तेवढी उरली होती, आणि मावशीच्याच पेठेत त्या मोडलेल्या लग्नाचं घर होतं.

आता यांचं हे गप्प राहणं. कुणी कानावर घातलं की काय, याच विचाराने मी दिवसभर कुढत असे.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघालो. कराडला गाडी बदलली. वाटेत हे खिडकीशी बसून बाहेर पाहत होते. आदल्या वर्षी पाऊस धड झाला नव्हता. पाट असलेला ऊस सोडला तर रानं भुंडी दिसत होती, आणि ठिकठिकाणी विहिरी खोल करायचं काम चाललं होतं. मी दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला आणि गाडीचा खडखडाट आहे असं स्वतःला समजावून गप्प बसले.

मावशीने श्रीखंड केलं होतं. जेवणं झाल्यावर हे पडवीत लवंडले तेव्हा ती मला आत घेऊन हळूच म्हणाली, की ती बाई परवाच चौकशी करत होती, भाचीचा नवरा लढाईवरून आला म्हणतात, इकडे येणार आहेत का. ती बाई म्हणजे माझी होता होता राहिलेली सासू. मावशीने ते सहज सांगितलं, पण माझ्या तोंडातली श्रीखंडाची चव गेली.

संध्याकाळी आम्ही फिरायला बाहेर पडलो. राजवाड्यासमोर माणसांची वर्दळ होती. यांनी कंदी पेढे घेतले. पुडी बांधता बांधता दुकानदाराने कुठल्या गावचे, असं विचारलं. हे पेढ्यांकडे पाहत उभे. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा ओशाळून मीच उत्तर दिलं. आणि मान वळवते तो रस्त्याच्या पलीकडे तीच बाई. हातात भाजीची पिशवी, नजर थेट यांच्यावर. तिने मला ओळख दिली नाही, पण एकदा यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग आपल्या वाटेने गेली.

त्या क्षणी मी ठरवलं की हे यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चार भिंती म्हणून जागा आहे. तिथून सगळा सातारा खाली दिसतो. आम्ही कठड्याशी बसलो. वारा सुटला होता. मी यांच्या डाव्या हाताला बसले होते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, आणि खालच्या कौलांकडे पाहत सगळं सांगून टाकलं. आकडीचं, मोडलेल्या लग्नाचं, वडिलांनी बजावल्याचं. आवाज कापत होता म्हणून हळूच बोलले, पण काही राखून ठेवलं नाही. शेवटी मी म्हणाले, "आता तुम्ही काय म्हणाल ते."

हे काही म्हणाले नाहीत. गावातले दिवे लागायला लागले होते, ते पाहत राहिले. मग उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चल. अंधार पडंल."

बस, एवढंच. परतीच्या वाटेवर हे पुढे आणि मी मागे. मला वाटलं, झालं. हा माणूस ओरडणारा नाही, मारणारा नाही. हा उद्या मला घरी नेईल, आईला सांगेल आणि रजा संपायच्या आत माझी ट्रंक माहेरी पोचती करील. मावशीकडे हे गड्यासारखे जेवले, मावशीच्या नवऱ्याशी पिकापाण्याचं बोलले, माझ्याकडेही एकदा पाहून हसले. त्या हसण्याने मी जास्तच घाबरले. राग असता तर निदान समजला असता.

रविवारी सकाळी यांनीच माहुलीला जायचं काढलं. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे घाट आहे, जुनी देवळं आहेत. टांगा केला. टांगेवाला वाटभर बोलत होता, हे मधूनमधून "व्हय व्हय" करत होते. यांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेण्यात माझा रस्ता संपला. देवळात यांनी माझ्या हातावर तीर्थ दिलं, तर तेवढ्यानेही मला हायसं वाटलं.

दर्शन झाल्यावर नदीकाठाने थोडं चालू या म्हणाले. पाणी कमी होतं, वाळूचे पट्टे उघडे पडले होते. काठावरच्या मळ्यांतून पायवाट जात होती. चालीप्रमाणे हे पुढे आणि मी बरीच मागे. पुढच्या मळ्यात एका विहिरीवर माणसं काम करत होती. बघता बघता ती सगळी विहिरीपासून पांगली, आणि एकजण लाल फडकं हलवत आमच्याकडे ओरडू लागला, "बार हाय! मागं सरा! बार हाय!"

विहिरीच्या तळाला सुरुंग लावला होता. मी जागीच थांबले. हे चालतच राहिले, अगदी विहिरीच्या अंगाला.

मी "अहो" म्हणून हाक मारली. मग दुसरी, मोठ्याने. तो माणूस ओरडत होता, दुसऱ्याने शिट्टी फुंकली, आणि हे शांतपणे, हात मागे बांधून, रानातली ज्वारी पाहत चालले होते. तेव्हा मी यांचं नाव घेऊन हाक मारली. नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी तोंडातून निघालं नव्हतं, ते मी भर मळ्यात किंचाळून घेतलं. तरीही मान वळली नाही. मग मी धावले. चपला कुठे गेल्या कळलं नाही. सदऱ्याची बाही हाताला लागली, ती ओढली. हे वळून, काय गं, असं काहीतरी विचारणार इतक्यात जमीन हादरली.

पुढचं एका दमात झालं. यांनी मला खांद्याला धरून बांधालगतच्या चरात ढकललं आणि स्वतः माझ्यावर आडवे पडले. वरून माती आणि कपच्या सांडल्या. एक दगड आमच्यापासून हातभरावर येऊन रुतला. मग सगळं थांबलं. कुणीतरी हाका मारू लागलं, पण हे उठेनात. यांचं सगळं अंग थरथरत होतं, दात वाजत होते, आणि दोन्ही हात माझ्या डोक्याभोवती आवळलेले होते. मी किती वेळ "उठा, झालं आता" म्हणत राहिले कोण जाणे.

विहिरीवरची माणसं धावत आली. लाल फडकंवाला म्हातारा घाबरलेला होता, आणि घाबरला म्हणून चिडलेला. "कवाधरनं वरडतुया. कान फुटल्यात का काय तुमचं?"

हे चरातून उठून बसले. तोंडावरची माती पुसली. म्हाताऱ्याच्या ओठांकडे पाहत होते ते मी पहिल्यांदाच पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "व्हय बाबा. फुटल्यात."

म्हाताऱ्याने फडकं खांद्यावर टाकलं. त्याने आमच्यासाठी पाण्याची घागर आणवली.

नंतर आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. तिथे यांनी सांगितलं. लढाईत खंदकाजवळ गोळा पडला होता. डाव्या कानातून रक्त आलं, नंतर तो बंदच झाला. उजव्याने ऐकू येतं, पण समोरून, जवळून बोललं तर. पलटणीत जोडीदार सांभाळून घेत होते; कुणी काही विचारलं की कोपराने खूण करत. डॉक्टरला कळलं तर वैद्यकीय बोर्डापुढे उभं करतील आणि घरी पाठवतील, या भीतीने यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. आईला नाही आणि मलाही नाही. घरी आल्यापासून हे माझं बोलणं अर्धंमुर्धं अदमासाने ओळखत होते. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं यांचं चाललं होतं.

"मला वाटलं, तुला कळलं तर तू म्हणशील, बहिऱ्याच्या गळ्यात बांधली," हे म्हणाले.

मी ऐकत होते, पण माझं मन चार भिंतींवर गेलं होतं. मी यांच्या डाव्या हाताला बसले होते. वारा होता. मी विचारलं, "काल संध्याकाळी मी तुम्हाला काही सांगितलं, ते..."

"कवा?" हे म्हणाले. "काय बोललीस? मला वाटलं गुणगुणतीयास."

यांनी काहीच ऐकलं नव्हतं. रात्रभर मी ज्या निकालाची वाट पाहिली तो खटला उभाच राहिला नव्हता. खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं की वाचले. आता गप्प बसलं तर कुणाला काय कळणार. पण हे एवढं उघडं होऊन पुढ्यात बसले असताना मला तसं करवेना. मी उठून यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्याने सांगावं लागलं. खाली धुणं धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं तरी थांबले नाही.

नीट ऐकायचं म्हणून यांनी कान माझ्याकडे केला होता, त्यामुळे तोंड नदीकडे होतं. चेहरा दिसत नव्हता. माझं बोलून संपलं.

"आता येती का?" यांनी विचारलं.

"बारा वर्षांची असल्यापासून नाही."

"आन् आली तर काय करायचं आसतं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, की कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं सैल करायचं, तोंडात काही घालायचं नाही, आपोआप थांबते. यांनी ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि मग कवायत पाठ करावी तसं स्वतः म्हणून दाखवलं. एक गोष्ट चुकली, ती मी सुधारली.

मला हसू आणि रडू एकदमच आलं. पण त्याच धीराने मी म्हणाले, की तुम्हीही डॉक्टरला सांगायला हवं. आज विहीर होती, उद्या सीमेवर काही झालं तर. त्याबरोबर यांचा चेहरा मिटला. टांग्यात बोलले नाहीत, परतीच्या गाडीतही नाही. पण या वेळचं गप्प राहणं कशाचं आहे ते मला ठाऊक होतं.

रजा संपली. कराडच्या स्टँडवर निघताना हे एवढंच म्हणाले, "बघतो." पुढचे महिने माझे कसे गेले ते सांगता येत नाही. पत्रात यांनी त्याबद्दल अक्षर लिहिलं नाही, आणि मी विचारलं नाही. पत्रं तपासली जातात असं ऐकलं होतं. पाऊस त्याही वर्षी गेला. सासूबाईंना काही कळू न देता मी तारवाल्याची सायकल दिसली की मागच्या दाराने परड्यात जाऊन उभी राहत असे.

दिवाळीच्या तोंडावर हे आले. दारात पाय ठेवल्या ठेवल्या आईच्या पाया पडले आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "टिकलो." आपण होऊन डॉक्टरकडे गेले होते. बोर्ड बसलं, तब्येतीची श्रेणी खाली आली, बंदूक गेली, पण नोकरी राहिली आणि कपड्यालत्त्याच्या कोठारात नेमणूक झाली. तिथेच पेन्शनीपर्यंत राहिले. मानाने खालचं काम होतं, आणि सुरुवातीला ते यांना लागलंही.

मला आकडी पुन्हा आली नाही. पहिल्या खेपेला दिवस भरत आले तेव्हा मात्र मी फार भ्याले होते. हे रजा काढून आले आणि साताऱ्याच्या दवाखान्यातल्या नर्सला कुशीवर वळवण्याबद्दल सांगू लागले, तेव्हा तिने यांना बाहेर बसवलं. हे दाराला उजवा कान लावून उभे होते, असं मावशीने मला नंतर सांगितलं. मुलगी रडली ते यांना दाराबाहेर ऐकू आलं.