मे महिन्याची बारी

कडोलीच्या शिवारात जयाबाईंच्या भावकीची एक विहीर आहे. तिच्यावर सात घरं, आठवड्याचे सात दिवस, रोज एका घराची पाण्याची बारी. पुढच्या पाडव्याला बारी कुणाची, हे जयाबाईंना कधीही विचारावं. मेथी निवडता निवडता, मान वर न करता त्या सांगतात. गल्लीतल्या इंजिनिअर पोरांनी मोबाईलवर पडताळून पाहिलंय. एकदा चूक निघाली होती, पण ती मोबाईलची.

नवरा वारला तेव्हा मुलगा आदर्श तिसरीत होता. दिवसकार्य झालं आणि भावकीनं ह्या बाईला मंगळवारची बारी नेमून दिली. मंगळवारी लाइनच्या दुरुस्तीला करंट बंद असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर दिली. जयाबाई भांडल्या नाहीत. विहिरीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी एवढंच मांडलं की दर महिन्याला सगळ्यांची बारी एक दिवस पुढं सरकू दे, मंगळवार एकेकदा सगळ्यांनीच बघू दे. नाही म्हणायला कुणाला तोंड राहिलं नाही. अठ्ठावीस वर्षं झाली, विहीर त्याच नियमानं चालते. मात्र तेव्हापासून बाईंनी आपल्या बारीतला एक तासही कुणाला सोडलेला नाही. पुतण्याच्या हळदीत पिवळ्या हातानं मोटर चालू करायला गेलेली बाई आहे ती.

ह्या सगळ्याचा भार पडला तो सुनेवर. नीलम बेळगावात शाळेत शिकवते. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण लग्नकार्यं आणि जत्रा सोडल्या तर ती उंबऱ्याबाहेर मुक्कामाला गेलेली नाही. सुट्टी एप्रिल-मे महिन्यात, आणि नेमकं तेव्हाच विहिरीचं पाणी तळाला. बारी चुकवायची नाही, दोन म्हशींच्या धारा, वर भाजी. शाळा उघडली की बाकीच्या शिक्षिका समुद्राचे फोटो दाखवायच्या आणि ही सांगायची, यंदा आमची मिरची बरी झाली. घरी येऊन मात्र एका शब्दानं तक्रार नाही. तेच जयाबाईंना बोचायचं.

जानेवारीत आदर्शनं पेट्रोल पंपावर कसलीशी चिठ्ठी भरली आणि चार दिवसांत फोन आला. एका हॉलिडे क्लबचं मेंबर व्हायचं. एकदा पैसे भरले की पंचवीस वर्षं, दर वर्षी एक आठवडा, देशात कुठंही रिसॉर्टमध्ये खोली आपली. आदर्श उद्यमबागेत कारखान्यात मशीन चालवतो. मशीनवर मापाला तो केसाचा फरक सोडत नाही, पण बायकोचा विषय आला की पट्टीच विसरतो. साडेतीन लाख ऐकूनही त्याला ते स्वस्त वाटलं. त्यातले दोन लाख सोसायटीत आईच्या नावावर ठेवलेले होते, म्हणून आईची सही पाहिजे, म्हणून आई बरोबर. शिवाय क्लबच्या कार्यक्रमाला येईल त्या कुटुंबाला पाच लिटरचा कुकर फुकट होता. जयाबाई कुकरसाठी गेल्या असं कुणी म्हणू नये, पण घरच्या कुकरची शिट्टी दिवाळीपासून बंद होती, हेही लपवू नये.

कॅम्पातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. गाणी अशी मोठ्यानं लावलेली की विचार करायचा झाला तर बाहेर जाऊन करावा. कुठल्याही टेबलावर सही झाली की टायवाली सगळी पोरं उठून टाळ्या वाजवत. ह्यांच्या वाट्याला आला ऋग्वेद नावाचा मुलगा, गोड बोलणारा, जयाबाईंना आधी 'आंटी' आणि मग आदर्शचा चेहरा बघून 'आई' म्हणणारा. त्यानं टॅबवर फोटो दाखवायला सुरुवात केली. हिरवं पाणी, पांढरी वाळू, झोपाळा.

जयाबाई फोटो बघत नव्हत्या, सुनेकडं बघत होत्या. नीलमनं टॅबच्या कडेला, पाणी वाळूला लागतं तिथं, बोट टेकवलं होतं आणि ते उचलायचं ती विसरली होती. त्या बोटाकडं बघून जयाबाईंनी मनात ठरवून टाकलं, सही करायची. दोन लाख गेले तर गेले. फक्त बारी खरी आहे का, तेवढं बघायचं.

ऋग्वेदचं बोलणं त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एक आठवडा, दर वर्षी, वाटून वापरायचं. ही तर आपलीच विहीर झाली, फक्त टाय घातलेली. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "बाळा, वर्षाची काय वर्गणी असंल की?"

देखभालीचे थोडे असतात, दर वर्षी वाढतात, पण नाममात्र, असं तो म्हणाला.

"एखाद्या साली जायलाच जमलं न्हाय तर?"

तरी भरावे लागतात. हे त्यांना पटलं. मोटर जळली की ज्याचं पीक नाही तोही वर्गणी देतो, त्यात गैर काय? मग त्यांनी विचारलं की पुढं नकोसं झालं तर दुसऱ्याला विकता येतं का. येतं, पण गिऱ्हाईक आपणच शोधायचं, असं तो जरा हळू बोलला. जयाबाईंना दीर आठवले. भावकूआप्पांनी एकदा रागानं विहिरीतला वाटा विकायला काढला होता. तीन वर्षं काढलेलाच होता.

"बरं, खोल्या किती आणि मेंबरं किती?"

"नेमका आकडा मला माहीत नाही, आई. पण सगळे काही एकाच वेळी येत नाहीत."

"शाळा तर सगळ्यांच्या एकाच टायमाला सुटत्यात की रं."

आदर्शनं टेबलाखालून आईच्या पायाला पाय लावला. आईनं पाय बाजूला घेतला आणि टॅब ऋग्वेदकडं सरकवला. त्या म्हणाल्या, सही करायला आम्ही तयार आहोत, फक्त येत्या मे महिन्यातला आठवडा, समुद्राकाठचा, ह्या पोरीनं बोट ठेवलंय तिथला, आत्ताच्या आत्ता आमच्या नावावर लावून दाखव.

ऋग्वेदनं दाबून बघितलं. मे भरलेला. एप्रिल भरलेला. दुसरं गाव काढलं, तिसरं काढलं. मेचं बुकिंग आदल्या श्रावणातच उघडतं आणि दोन दिवसांत संपतं, ते कळलं. वरच्या दर्जाच्या मेंबरांना तर त्याच्याही आधी. शेवटी एक जागा हिरवी दिसली. जूनचा शेवटचा आठवडा, घाटातलं रिसॉर्ट.

जयाबाई शांतपणे म्हणाल्या, "मे महिन्याचं पाणी वरच्या वाफ्यानं घेतलं आणि आमास्नी पावसाळ्यातली बारी. पावसाळ्यात बारी कुणाला लागतीया बाळा?"

ऋग्वेदनं साहेबांना बोलावलं. साहेबांनी साडेतीनचे तीन केले, तेही आज सही केली तरच. त्यांच्यावरच्या साहेबांनी अडीच केले. जयाबाई चाळीस वर्षं बेळगावच्या बाजारात भाजी विकताहेत. सकाळी तोऱ्यात असलेली कोथिंबिरीची पेंडी दुपारी कशी आणि का उतरते, हे त्यांना साहेबांनी सांगायची गरज नव्हती. त्या उठल्या, कुकर मागितला, झाकण लावून बघितलं, शिट्टी वेगळी मागून घेतली आणि निघाल्या. त्या टेबलावर टाळ्या वाजल्या नाहीत.

गाडीत नीलम मागं कुकर मांडीवर घेऊन बसली होती. "बरोबर केलासा आत्ती," ती सासूला म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. जयाबाईंना ते 'बरोबर' फार जड गेलं. पैसे वाचले होते. पण टॅबवरचं बोट आपणच उचललं होतं. पोरीला नऊ वर्षं कुठल्या क्लबनं अडवलं नव्हतं, आपल्या बारीनं अडवलं होतं.

सकाळी त्या विहिरीवर गेल्या. भावकूआप्पा मोटरीपाशी बसले होते.

"आप्पा, मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझी बारी तुमी चालवा. म्हशींच्या धारा तुमच्या घरात. आमी जातोय समुद्राला."

आप्पांनी तोंडातलं पान थुंकलं. "वैनी, बरं वाटतंय न्हवं? माझ्या पोराच्या हळदीत तास सोडला न्हाईस."

"सोडत न्हाय. बदली देतो म्हणतोय. तुमी जाशीला त्या आठवड्यात तुमचं पाणी, तुमची म्हस, माझ्याकडं."

"आमी कुठं जातोय ह्या वयात?"

शेजारच्या गोठ्यातून रुक्माबाई, म्हणजे आप्पांची मंडळी, शेणाचे हात घेऊनच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी जातोय. तुमास्नी यायचं तर या."

दुपारपर्यंत सातही घरं कट्ट्यावर होती. शाळेच्या सुट्टीचे आठवडे मोजले तर ते बरोबर सात निघाले. एका घरानं एक आठवडा जायचं, बाकीच्या सहांनी त्याचं पाणी आणि गोठा बघायचा, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांचा आठवडा एकानं पुढं सरकायचा. सुरुवातीच्या आठवड्यात ऊन कमी आणि शेवटच्याला वळवाची भीती, तर ते सगळ्यांच्या वाट्याला येऊ दे. नियम कुणाला समजावून सांगावा लागला नाही. देखभाल खर्च, जाणाऱ्यानं परत येताना आणायचा खाऊ.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं आंबोली घाटानं वेंगुर्ल्याला उतरली. एका मासेवाल्या बाईंच्या घरी माडाखाली खोली घेतली. झोपाळा नव्हता, सिमेंटची पोती शिवून केलेली झोळी होती, ती जास्त झुलायची. संध्याकाळी नीलम थेट पाण्यात शिरली आणि साडी भिजली तरी मागं वळून बघेना. आदर्श वाळूत बसून बायकोकडं नुसता बघत होता. जयाबाई लाटेपर्यंत गेल्या, ओंजळभर पाणी घेऊन तोंडाला लावलं, थुंकलं, आणि पुन्हा एकवार दूरपर्यंत नजर टाकली.

"एवढं पाणी," त्या म्हणाल्या, "आणि बारी कुणाचीच न्हाय."

जूनमध्ये स्टाफरूमला मिरचीची हकिगत ऐकायला मिळाली नाही. पाऊस लागला, आणि त्यानंतर एकदा ऋग्वेदचा फोन आला. आता दोन लाखांत देतो म्हणाला. जयाबाईंनी नव्या कुकरखालचा गॅस बारीक केला आणि त्याला सांगितलं की आमचं घेऊन झालं. कुठल्या क्लबचं, किती वर्षांचं, असं त्यानं काळजीनं विचारलं.

"विहीर हाय तवर," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली आमचा मेचा तिसरा आठवडा. आत्ताच सांगतो, लिहून घे पायजे तर."