रंगाऱ्याचं कोरं बोट

धुळ्यात शाळेच्या वाटेवर एक रंगारी लुगडी रंगवत बसायचा. रोज दिसायचा, पण नाव कधी विचारलं नाही. हात मनगटापर्यंत निळे. आमचे खासदार वारले, पोटनिवडणूक लागली, आणि त्याच्या डाव्या तर्जनीला सायकलच्या ट्यूबची पट्टी दिसू लागली. महिना झाला तरी सुटेना.

"कापलं का हो?" मी विचारलं.

कापलं नव्हतं. मागच्या निवडणुकीत निळं बोट पाहून केंद्रावरच्या साहेबानं 'मत देऊन आलास' म्हणत त्याला परत धाडलं होतं.

मला या निवडणुकीच्या ड्युटीचाच कंटाळा आलेला. म्हटलं, "अहो, उरलेल्या दीड वर्षासाठी एवढा खटाटोप?"

पट्टी घट्ट करत तो म्हणाला, "गुरुजी, ते दीड वरीस माले बी आठेच, याच गावमा काढनं शे ना?"

मतदानाला शाईची बाटली माझ्याच हाती आली. त्यानं पट्टी सोडली. नऊ निळ्या बोटांतून एक कोरं, सुरकुतलेलं बोट पुढे आलं. मी शाई अगदी जपून लावली.

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर पट्टी पुन्हा बांधलेली. आता त्याला ती शाई निळीपासून जपायची होती.