टीचरनी लावलेला पंखा

कोणाच्याही घरी गेल्या की टीचर बसण्याआधी वस्तूंना हात लावायच्या. टीव्हीची मागची बाजू, फ्रिजची कूस, भिंतीला लटकणारा मोबाइलचा चार्जर. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात लावायचा, "हं" म्हणायचं, मग खुर्ची ओढायची. मेहरूण भागातल्या आमच्या गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, मूळच्या शिंदखेड्याच्या. सगळ्यांच्या टीचर.

"आधी बंद कर, मग बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मिक्सरला जळका वास येतो म्हणून कोणी आलं तरी हेच, आणि समोरच्या दोघी जावा भांडत आल्या तरी हेच. मिक्सर निदान बंद तरी व्हायचा.

त्या मे महिन्यात माझे वडील, नाना, फुप्फुसाच्या दुखण्यानंतर दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन त्यांना दिवसरात्र लागायचं. वीज गेली तर इन्व्हर्टर होता, आणि अडीनडीला एक छोटा सिलिंडर. एका दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. इन्व्हर्टरवर मशीन नीट चाललं, पण थोड्या वेळाने टीं टीं करत इन्व्हर्टरच बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. नानांना सिलिंडर लावला. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "उद्या येतो ताई." डॉक्टर म्हणाले, "सिलिंडर अर्धा झाला की वाट बघू नका, घेऊन या." ते ऐकून नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांना पुन्हा तिथे जायचं नव्हतं.

मी धावत टीचरकडे गेले आणि दारातूनच सांगायला लागले.

"आधी बंद केलास का?"

"तो आपणहूनच बंद पडलाय, टीचर!"

"मग ठीक. चल."

इन्व्हर्टर जिन्याखालच्या कपाटात होता. टीचरनी त्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "बॅटरी भरलेली आहे गं. आतला बोर्ड तापतोय. या कपाटात तू तरी बसशील का?" आम्ही दोघींनी तो मोकळ्यावर ओढला. बॅटरीची वायर सोडवून, थोडं थांबून त्यांनी झाकण उघडलं. आत पंखा नव्हताच. घरी जाऊन त्यांनी बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला तळहाताएवढा पंखा आणला, बोर्डाजवळच्या जाळीला बाहेरून तारेने बांधला आणि मध्ये फ्यूज घालून बॅटरीला जोडला. पंखा फिरला, मशीनही चालू झालं. मी हात जोडले. आणि थोड्या वेळाने टीं टीं करत इन्व्हर्टर पुन्हा बंद, पंखा तेवढा फिरत राहिला.

तेव्हा पहिल्यांदा टीचरच्या कपाळावर घाम दिसला. "हवा कुठे जातेय ते बघायला हवं," त्या म्हणाल्या. मी देवघरातून उदबत्ती आणली तर ओरडल्याच, "वेडी आहेस का? घरात ऑक्सिजन चालू आहे!" मग त्यांनी वातींच्या डब्यातला कापूस चिमूटभर पिंजून दोऱ्याला बांधला आणि पंख्यासमोर धरला. कापूस बाहेर उडाला. पंखा बोर्डावर वारा घालायचा सोडून आमच्या तोंडावर घालत होता.

"उलटा बांधला मी," टीचर म्हणाल्या. त्यांनी तो सोडवला, फिरवून बांधला, पलीकडच्या जाळीला चिकटलेली धूळ ब्रशने काढली आणि बोर्ड निवेपर्यंत मला कशालाच हात लावू दिला नाही. सिलिंडरचा काटा अर्ध्यावर यायला थोडंच बाकी होतं.

मशीन सुरू झालं. मघाशी बंद पडलं होतं ती वेळ टळली. मग तिच्या दुप्पट वेळ गेला. टीचर स्टुलावर बसून अधूनमधून इन्व्हर्टरला हात लावत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कोमट आहे. चहा टाक." स्वयंपाकघरात आधण ठेवताना मला रडू आलं. बाहेर त्या नानांशी अहिराणीत बोलत होत्या. "नाना, आते कसं वाटस?" आणि नानांचा बारीक आवाज, "बठ्ठं ठीक शे, बाई," सगळं ठीक आहे. दिवेलागणीला वीज आली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला, त्याने पंखा आतून पक्का बसवून दिला.

पुढच्या हिवाळ्यात नानांना दिवसा मशीन लागेनासं झालं. त्याच सुमाराला टीचर धुळ्याला बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या. सकाळी रिक्षा आली, तेव्हा नाना माझ्या आधी फाटकाशी पोचले होते.

"चालनी का बाई धुयाले?"

"चालनू, नाना."

नानांनी वाकून त्यांची पिशवी उचलली. मी पुढे धावणार, तेवढ्यात टीचरनी माझा दंड धरला. नाना चार पावलं चालले, थांबले, श्वास घेतला, पिशवी रिक्षात ठेवली. तोवर टीचरनी रिक्षावाल्यालाही हलू दिलं नाही. मग आत जाऊन बसल्या.

रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी नाना फाटकाला धरून उभे होते. मला वाटलं, त्यांना भरून आलंय. जवळ गेले तर म्हणाले, "भूक लागनी."