चूक आमची

ताईने वृद्धाश्रम काढला तेव्हा पाटी रंगवायला अर्थातच मला बोलावलं. सख्खा भाऊ पाट्या रंगवून पोट भरत असताना बाहेरचा माणूस कोण बघणार! मी वळणदार अक्षरांत ‘मायेची सावली’ लिहिलं, शेजारी जोडलेले दोन हात काढले. ताई म्हणाली, “छान आहे. आता त्याखाली एक काळा फळा कर.”

त्या फळ्यावर ती रोज सकाळी आश्रमाची खबर लिहायची, तीही फाटकाबाहेर. साबण संपलाय. काल भाजी करपली, तीच वाढली. चुकीची गोष्ट असली की शेवटी दोनच शब्द: चूक आमची. नेमकी कोणाची, ते कधीच नाही.

माझं डोकं फिरायचं. असलं वाचून कोण देणगी देणार? “ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची,” मी बजावायचो.

“अरे, पण झाकलेल्या मुठीत कोणी काही ठेवणार कसं?” ती म्हणायची. मोठ्या बहिणीशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय?

पुढे घरमालकाने घर विकायला काढलं. आम्ही घेतलं नाही, तर अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं जाणार कुठे? एक बिल्डर पैसे द्यायला तयार झाला. तो यायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मावशींनी, म्हणजे आश्रमात काम करणाऱ्या बाईंनी, एका आजींच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. थंडी वाजते म्हणाल्या होत्या बिचाऱ्या. पायाला लकवा मारलेला, त्यांना चटका कळलाच नाही. सकाळी बघतो तर पोटरीवर हे एवढे फोड! मावशी रडून रडून अर्ध्या झाल्या.

ताईने डॉक्टर बोलावला, आजींच्या मुलीला कळवलं आणि खडू उचलला. “आजचा दिवस तरी नको,” मी हात धरला. तिने तो सोडवून घेतला. ‘आजींचा पाय भाजला. चूक आमची.’

बिल्डरने गाडीतूनच वाचलं. “बाहेर हे, तर आत काय असेल!” म्हणाला आणि काच वर केली. मी ताईला नाही नाही ते बोललो. ती आजींच्या पायाला मलम लावत राहिली.

दुपारी एक शिंपीणबाई आत आल्या. समोरच्या थांब्यावर रोज बसची वाट बघत उभ्या असायच्या. “कधीपासून वाचतेय तुमचा फळा,” त्या म्हणाल्या. “स्वतःची चूक लिहिता, म्हणजे बाकीचंही खरंच असणार.” त्यांनी हातात ठेवलं ते थोडंच होतं. पण मग त्या थांब्यावरची इतर माणसं यायला लागली, त्यांनी आपली माणसं आणली. घरमालक कुरकुरत थांबला आणि घर आमचं झालं.

गेल्या वर्षी ताई स्वतःच अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी पाठीला जखमा झाल्या. ती गेली त्या सकाळी मी फाटकाशी पोचलो, तर मावशी खडू घेऊन उभ्या होत्या. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘ताई गेल्या. त्यांची कूस वेळेवर बदलली नाही. चूक आमची.’

“दादा, आज सगळा गाव येईल,” मावशी म्हणाल्या. “पुसू का?”

मला रडू आवरेना. मानेनेच नको म्हटलं आणि फाटक सताड उघडलं.