रिकाम्या ट्रकचं पासिंग

थोरल्या भावाने ट्रक घेतला, त्याआधी आमच्या गावात ट्रॅक्टर होते, एक जुनी जीप होती, ट्रक नव्हता. गाव पलूसच्या बाजूचं, उसाचं. काळ सत्तरच्या दशकाच्या मधला. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. साखर कारखान्याला आता ऊस कमी पडत नव्हता; ऊस वाहणारी वाहनं कमी पडत होती.

भाऊ लष्करात ड्रायव्हर होता. घरात त्याला सगळे दादा म्हणत. नोकरी संपवून तो परतला तेव्हा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याची जागा त्याच्यासाठी ठरली होती. त्याने ती नाकारली आणि लष्करातून मिळालेल्या पैशांत एक जुना ट्रक घेतला. वडील त्याच्याशी काही दिवस बोलले नाहीत. साताऱ्याची जागा दुसऱ्या एका माजी सैनिकाला मिळाली.

मालवाहू गाडीची दर वर्षी सरकारी तपासणी करून घ्यावी लागते. गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे असा दाखला मिळतो आणि तो वर्षभर चालतो. ट्रकवाले त्याला पासिंग म्हणतात. आमच्या ट्रकचं आधीच्या मालकाने केलेलं पासिंग दसऱ्याच्या सुमारास संपत होतं. कारखान्याची ऊसवाहतुकीची यादी त्याच आठवड्यात बंद होणार होती, आणि पासिंग संपलेला ट्रक यादीत घेत नसत. चौकशी केली तेव्हा सांगलीतल्या तपासणीचा दिवस आणि यादीचा शेवटचा दिवस एकच निघाला. सकाळी ट्रक नापास झाला तर पुढची तपासणी पंधरवड्याने. तोवर सगळा हंगाम दुसऱ्यांच्या ट्रकांना वाटून झाला असता.

मग ट्रक खळ्यावर उभा राहिला आणि गावाला दुसरं काही सुचेना. पलूसहून रंगारी आला. मागचा लाल दिवा बदलला, वायपर बदलले, हॉर्न नवा बसवला. प्रथमोपचाराची पेटी लागते असं कळल्यावर दवाखान्यातल्या कंपाउंडरने टिंक्चर, कापूस आणि पट्ट्या दिल्या. पेटी भरलेली दिसावी म्हणून आईने तिच्यात बामची बाटली टाकली.

खरी अडचण ब्रेकची होती. ब्रेक दाबला की ट्रक डावीकडे ओढत असे. दादाने आणि पलूसच्या मिस्त्रीने चारी बाजूंची चाकं उतरवली, आतली घासलेली लायनिंग बदलली आणि कॅनॉलच्या रस्त्यावर चाचण्या सुरू केल्या. दादा ट्रक जोरात आणायचा, एका झाडापाशी ब्रेक मारायचा, आणि रस्त्यावर उठलेले चाकांचे काळे पट्टे बघायला दोन्ही बाजूंनी माणसं धावायची. बैलगाडीच्या शर्यतीत पारखलेले डोळे ते.

"डावा अजून वढतुया!"

"न्हाई रं, उजवा मागं राहतुया."

"एकच झालं की गड्या!"

मिस्त्री पुन्हा चाकाखाली शिरायचा.

ह्या गर्दीत माण तालुक्यातला एक मुकादम होता. ऊस तोडणाऱ्या माणसांची टोळी त्याच्या हाताखाली होती. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वाळतो, वजन घटतं, आणि टोळीची मजुरी वजनावर; म्हणून टोळी द्यायच्या आधी तो ट्रक बघायला आला होता. भरघोस पिवळा फेटा, हातात घुंगराची काठी. दोन दिवस तो आमच्या सोप्यात मुक्कामाला होता आणि एकच प्रश्न विचारत होता.

"बिरेक लागंल का?"

"लागंल, मामा," दादा म्हणाला.

"लागंल न्हवं. लागतुया का?"

"त्ये आता सायेबच सांगतील."

"सायबाच्या आधी मला सांग. माझी मानसं बिऱ्हाड बांधून बसल्याती."

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पट्टे सरळ उठले. दोन्ही सारखे. मिस्त्रीने टोपी काढून हवेत उडवली.

सकाळी दादाने ट्रक सुरू केला तेव्हा मागे माणसं बसलेली होती. पुढे आमची चुलती, तिची जाऊ, शेजारच्या दोघी-तिघी, मुकादम, आणखी काही पुरुष. चुलतीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि सांगलीच्या बाजारात चुडा, भांडी, लुगडी घ्यायची होती. दादा मागच्या फळीपाशी गेला.

"काकू, खाली उतरा. गाडी पासिंगला चाललीया."

"मग रिकामीच जानार हाय न्हवं?"

"रिकामीच न्यायची आसती. मालाच्या गाडीत मानसं चालत न्हाईत."

"आरं, सांगलीला रिकामी गाडी न्यायची म्हंजे? लोक काय म्हंतील? आन् वजन नसलं की गाडी लय उडती. तुझाच रंग खराब हुईल."

ट्रकच्या चारी बाजूंनी हसू उसळलं. दादाने घड्याळ बघितलं. वाद घालत बसलो तर तपासणीची रांग चुकेल हे त्याला दिसत होतं. तो एवढंच म्हणाला, "बाजारात उतरवतो. वाटंत कुनी इचारलं तर सांगायचं, आमी हमाल हाय."

वसगडे, नांद्रे मागे पडली. प्रत्येक गावात दादाने नवा हॉर्न वाजवला; वाजवायची गरज कुठेच नव्हती. मागे बायकांनी गाणी धरली. सांगलीच्या बाजारात सगळे उतरले. पास झालं की परत घेऊन जातो, तोवर तपासणीच्या मैदानाच्या फाटकाजवळ चिंचेखाली थांबा, असं दादाने बजावलं. मी केबिनमध्ये कागदांची पिशवी घेऊन होतो.

मैदानात ट्रकांची रांग होती. निरीक्षक साहेब उंच, शिडशिडीत, खाकी कपड्यांतले. आमच्या पुढचे दोन ट्रक त्यांनी नापास केले. एकाचा हँडब्रेक धरत नव्हता, दुसऱ्याच्या स्टिअरिंगला ढिलाई होती. दोन्ही वेळा त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त कागद परत दिला.

आमची पाळी दुपारी आली. साहेबांनी चॅसिसवरचा नंबर ताडून पाहिला. दिवे, वायपर, टायर. हॉर्न वाजवायला सांगितला आणि लगेच "पुरे" म्हणाले. प्रथमोपचाराची पेटी उघडली.

"हे काय?"

"बाम, सर," दादा ताठ उभा राहून म्हणाला.

"कोणासाठी?"

"ड्रायव्हरसाठी, सर."

साहेब हसले नाहीत. "ब्रेक बघू," म्हणाले आणि केबिनमध्ये चढले. मला खाली थांबायला सांगितलं.

पुढचं मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून पाहिलं. वेग घ्यायला लांब पल्ला हवा म्हणून दादाने ट्रक फाटकापर्यंत नेला आणि तिथे सावकाश वळवायला लागला. चिंचेखाली आमची माणसं बाजार आटोपून बसली होती. ट्रक तपासताना त्यांनी पाहिला होता. साहेब दरवाजा लावून आत बसलेले त्यांना दिसले नाहीत. दिसलं ते एवढंच, की आपला ट्रक फाटकाशी आला आणि वळून चालला. गावाकडच्या माणसाला मागे ठेवून जाणाऱ्या गाडीची जन्माची धास्ती असते. सगळे एकदम उठले.

"आवं, चालली! गाडी चालली!"

गाठोडी मागच्या फळीवरून आत पडली. पितळी घागर आत गेली. मुकादमाने काठी आत टाकून चुलतीला वर ओढलं, जावेला खालून दोघांनी रेटलं. मी हात हलवत धावत सुटलो, "उतरा, उतरा" असं ओरडत होतो. चुलतीने मला उलट हात केला. तूही ये लवकर, असा.

केबिनमध्ये काय झालं ते दादाच्या सांगण्यावरून. साहेब समोर बघत होते. इंजिनाच्या आवाजात मागचं काही ऐकू आलं नाही. ट्रक वेगात आला. साहेब म्हणाले, "मारा."

दादाने मारला.

ट्रक जागच्या जागी थांबला आणि त्याच्या पोटातून असा आवाज आला की रांगेतले सगळे ड्रायव्हर गाड्यांतून खाली उतरले. घागरीचा खणखणाट, त्यावर बायकांची किंकाळी, आणि सर्वांत वर चुलतीचा आवाज.

"आरं मुडद्या, असा बिरेक मारत्यात व्हय? मानसं हायती का उसाच्या मोळ्या?"

साहेब उतरून मागे गेले. मी धापा टाकत पोचलो तेव्हा दादा फळीपाशी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. आत सगळे केबिनच्या बाजूला एकावर एक सरकले होते. लागलं कोणालाच नव्हतं. मुकादमाचा फेटा सुटून जावेच्या खांद्यावर आला होता.

"कोण तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

चुलतीने पदर सावरला. मांडीवर हिरव्या चुड्याचं पुडकं होतं.

"हमाल," ती म्हणाली.

"तुम्ही हमाल?"

"व्हय."

"काय उचलता?"

"पडंल त्ये." तिने शेजारी बोट केलं. "ही माझी जाऊ. ही बी हमाल."

मागच्या ड्रायव्हरांत कोणीतरी फस्सकन हसलं. साहेब मुकादमाकडे वळले. "तुम्हीही?"

"न्हाई सायेब. मी मुकादम हाय."

"ह्यांचे?"

मुकादमाने एकवार सगळ्या बायकांकडे पाहिलं. "देवा! न्हाई वं सायेब."

आता सगळं मैदान हसत होतं. साहेब आणि दादा, दोघंच हसत नव्हते. साहेबांच्या हातात आमचा कागद होता, आणि आधीचे दोन कागद कसे परत गेले ते आम्ही पाहिलं होतं.

दादा एक पाऊल पुढे आला. "सर, ही माझ्या घरची माणसं आहेत. बाजाराला आणली होती. हमाल म्हणायचं ते मीच शिकवलं. आत्ता ती चढली ते मला माहीत नव्हतं."

"मालवाहू गाडीत प्रवासी. तपासणीच्या वेळी."

"हो सर."

तेवढ्यात चुलती फळीवरून खाली उतरत म्हणाली, "सायेब, केस करायची तर आमच्यावर करा. त्यानं सातारची नोकरी सोडून ही गाडी घेतलीया. आज न्हाई झालं तर आमच्या दिराच्या तोंडाफुडं उभं राहता यायचं न्हाई पोराला."

दादाने मान खाली घातली. साहेब ट्रकच्या मागे चालत गेले. मैदानातल्या मुरमावर चाकं घासल्याच्या रेघा उठल्या होत्या. ते खाली बसले. शेवटी ते उठले.

"भरलेली गाडी सरळ थांबली. सगळ्यांना उतरवा. आता रिकामी दाखवा."

एका क्षणात ट्रक रिकामा झाला. चुलतीने सगळ्यांना चिंचेखाली नेऊन बसवलं आणि स्वतः त्यांच्यापुढे हात पसरून उभी राहिली, कोणी उठू नये म्हणून. दादाने ट्रक पुन्हा फाटकापर्यंत नेला, वळवला, वेगात आणला. "मारा" हे ह्या वेळी आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, कारण मैदानात दुसरं कोणी बोलत नव्हतं.

ट्रक थांबला. साहेब रेघांपाशी गेले. मागून मुकादम गेला आणि त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसला.

"सरळ हाय," मुकादम म्हणाला.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"टोळी माझी हाय, सायेब."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग रेघांकडे. "सरळ आहे," म्हणाले आणि कागद गुडघ्यावर ठेवून सही केली.

चिंचेखाली एकच गलका झाला. दादाने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि सवयीने कडक सॅल्यूट ठोकला. साहेबांनी एक अट घातली: ट्रक त्यांच्या डोळ्यांसमोर फाटकाबाहेर जाईल, आणि रिकामा जाईल. "क्लीनर एक चालेल," म्हणाले.

"मी हुते क्लीनर!" चुलती म्हणाली.

ह्या वेळी साहेब हसले. क्लीनर म्हणून मी चढलो. बाकीची मंडळी घागर, चुडा, गाठोडी घेऊन एस.टी. स्टँडच्या वाटेला लागली. मुकादम फेटा बांधत बांधत सगळ्यांच्या पुढे होता. म्हसवडची गाडी धरून त्याला टोळी आणायची होती.

आम्ही थेट कारखान्यावर गेलो. दादा गाडी कधी नव्हे एवढी सावकाश चालवत होता, आणि मधेच एकदम वेग वाढवत होता. कागद त्याने शर्टाच्या आत ठेवला होता. कचेरी बंद व्हायला थोडाच अवकाश होता. कारकुनाने दाखला उलटसुलट करून पाहिला, सहीची शाई बोटाने चाचपली.

"आजचीच?"

"आजचीच."

त्याने दादाचं नाव यादीत घातलं. रंगाचा डबा घेऊन एक माणूस बाहेर आला आणि ट्रकच्या दरवाजावर कारखान्याचा क्रमांक पांढऱ्या रंगात काढू लागला. दादा त्याच्या मागे उभा राहून प्रत्येक आकडा पुरा होईपर्यंत बघत होता. मग तो पुन्हा खिडकीपाशी गेला.

"पहिला फड कोणता मिळाला?"

कारकुनाने गाव सांगितलं, नदीकाठच्या एका मळ्याची खूण सांगितली.

"जाऊ का मग?"

"अहो, कुठं? गळीत सुरू व्हायला अजून अवकाश आहे. ऊस उभा आहे तिथं."

"असू दे. रस्ता बघून येतो," दादा म्हणाला, आणि अंकांचा रंग ओला असतानाच त्याने ट्रक नदीच्या वाटेला लावला.